आवाज बसतो तेव्हा आधी आपलं बसणं बघा

(प्रभागसंघाच्या खर्डा येथील मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. त्या दिवशी ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं वाचावं आणि बाकीच्यांनी सोबत करून बघावं.)



मघाशी अध्यक्षताईंनी माझा विषय सांगितला तेव्हा मागच्या ओळीत हसू आलं, ते मी ऐकलं. "व्याजाचं, कर्जाचं सांगायचं सोडून मॅडम आवाजाचं काय सांगणार?" असं कुणीतरी म्हणालं. तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मला सांगा, आपला गट कशावर चालतो? बचतीवर चालतो, तसा बोलण्यावरही चालतो. बँकेत साहेबासमोर बोलावं लागतं, ग्रामसभेत बोलावं लागतं, बाजारात भाजी विकायला बसलं की दिवसभर ओरडावं लागतं. ज्या दिवशी आवाज फुटत नाही, त्या दिवशी आपलं काम अडतं.

एक प्रसंग सांगते. गावाचं आणि आक्कांचं नाव सांगत नाही, त्यांना विचारूनच सांगतेय. त्या गटाच्या अध्यक्ष. वस्तीवर नळाला पाणी येत नव्हतं, म्हणून अर्ज घेऊन ग्रामसभेत गेल्या. अर्ज स्वतः वाचणार होत्या. उभ्या राहिल्या, पदर सावरला, मान खाली घालून कागदात बघितलं आणि वाचायला लागल्या. आवाज घोगरा, चिरका, दोन ओळींत तुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं बोला, काही कळंना." आक्कांनी जोर लावला, तसा आवाज अजूनच बसला. त्या खाली बसल्या. अर्ज वाचायचा राहिला तो राहिलाच. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पोरी, माझा गळाच असला. पुढच्या खेपेला दुसरीला पाठव."

मला फार वाईट वाटलं. कारण तेव्हा माझाही आवाज तसाच झाला होता.

माझी गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात आपली प्रशिक्षणं सलग होती. रोज दोन गावं, पन्नास-साठ बायका, माईक नाही, वर पत्र्याचं शेड आणि बाहेर पोरांचा गलका. आठ दिवसांत माझा आवाज बसला. मेडिकलमधून चघळायच्या गोळ्या आणल्या, हळद-दूध घेतलं, कुजबुजत बोलले. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा प्रशिक्षण झालं की संध्याकाळी घसा बंद. महिना झाला तेव्हा घाबरले आणि नगरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बारीक कॅमेरा घालून घसा बघितला. म्हणाले, "भिण्यासारखं काही नाही. थोडी सूज आहे. गोळ्यांपेक्षा तुम्हाला बोलण्याची पद्धत बदलायला लागेल." आणि त्यांनी मला वाचा-उपचार करणाऱ्या ताईंकडे पाठवलं.

मला वाटलं, आता या तोंड उघडायला सांगतील. त्यांनी घसा बघितलाच नाही. म्हणाल्या, "तुम्ही प्रशिक्षणात जशा बसता तशा बसा आणि जसं बोलता तसं बोला." मी खाली मांडी घातली, रजिस्टर मांडीवर घेतलं, पाठीला पोक काढून खाली वाकले आणि समोर बघायला हनुवटी पुढे काढून बोलायला लागले. त्यांनी मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला आणि मला दाखवला. ताईंनो, मी स्वतःला ओळखलं नाही. कासव कवचातून मान काढतं ना, तशी मी दिसत होते. मानेच्या शिरा टरटरून फुगलेल्या.

त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज गळ्यात अडकलाय, कारण तुम्ही अंगाची घडी घालून बोलता."

आवाज कसा तयार होतो

हे समजून घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला हाताला लागतं ते स्वरयंत्र. त्याच्या आत दोन नाजूक पट्ट्या असतात, बायकांच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या. खालून फुप्फुसातली हवा येते, त्या हवेनं या पट्ट्या थरथरतात आणि आवाज होतो. आपण साधं बोलतो तेव्हा बाईच्या या पट्ट्या एका सेकंदात साधारण 200 वेळा एकमेकींवर येतात. दिवसभर बोलणाऱ्या बाईचा हिशोब तुम्हीच करा.

आता हे स्वरयंत्र कुठे बसवलेलं असतं? ते जिभेच्या मुळाशी असलेल्या घोड्याच्या नालेसारख्या एका छोट्या हाडाला लटकलेलं असतं. आणि ते हाडसुद्धा शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नसतं. स्नायूंच्या दोऱ्यांनी जबड्याला, डोक्याला, छातीला, खांद्याला बांधलेलं असतं. आपण झाडाला बाळाची झोळी बांधतो तसं समजा. चारी बाजूंचा दोर सारखा असेल तर झोळी नीट हलते. एक दोर ताणला की झोळी कलते आणि बाळ रडतं. मान पुढे काढली, खांदे वर चढवले, हनुवटी छातीला टेकवली की हे दोर ताणले जातात. मग पट्ट्यांना मोकळं थरथरता येत नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि पोट थोडं पुढे येतं. आपण वाकून पोट दाबून बसलो तर त्याला खाली सरकायला जागाच राहत नाही. मग श्वास अपुरा येतो, तो घ्यायला मान आणि खांदे वर उचलावे लागतात. हवा कमी पडली की आपण गळा आवळून आवाज काढतो. पंपाला पाणी कमी पडलं की आपण पाइपाचं तोंड दाबून धार लांब मारतो ना, तसंच. घटकाभर चालतं, पण रोज केलं तर पट्ट्यांना सूज येते, कधी कधी त्यावर बारीक गाठीही येतात. शिक्षिका, गाणारे, कीर्तनकार, बाजारात ओरडणारे, अशा जास्त बोलणाऱ्यांना हा त्रास होतो.

विश्वास बसत नसेल तर आत्ताच करून बघा. हनुवटी छातीला टेकवा आणि "आ" म्हणा. आता हनुवटी पुढे काढून वर करा आणि "आ" म्हणा. आता मान सरळ, मोकळी ठेवून "आ" म्हणा. फरक कानाला ऐकू येतो आणि गळ्यालाही जाणवतो.

आरशासमोरचा माणूस

मला त्या ताईंनी एक खरी गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही आवडेल. फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर नावाचा एक माणूस 1869 साली ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर जन्मला. लोकांसमोर उतारे, कविता म्हणून दाखवणं हे त्याचं काम होतं. म्हणजे आवाजावरच पोट. आणि त्याचाच आवाज कार्यक्रमात बसायला लागला. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. विश्रांती घेतली की बरं व्हायचं, पुन्हा मंचावर उभा राहिला की बसायचा. माझ्यासारखंच झालं.

त्यानं विचार केला, मी बोलताना काहीतरी करतो त्यानंच हे होत असणार. मग त्यानं आरसे लावले आणि त्यांच्यासमोर उभा राहून बोलत राहिला. त्याला दिसलं, की बोलायला सुरुवात करताच आपलं डोकं मागे खेचलं जातंय, गळा खाली दाबला जातोय आणि तोंडानं हापापल्यासारखा श्वास ओढला जातोय. हे त्याला स्वतःला कधी जाणवलंच नव्हतं. ती सवय सोडायला त्याला खूप दिवस लागले, पण आवाज परत आला. पुढे त्यानं तीच पद्धत जन्मभर लोकांना शिकवली.

यातलं माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की अंगाची सवय आपल्याला आतून कळत नाही. ती बाहेरून बघावी लागते. आपल्याला आरसे लावायची गरज नाही. मोबाईल आहे, आणि शेजारी बसलेली मैत्रीण आहे.

आपलं अंग का वाकतं?

आता आपला दिवस आठवा. सकाळी चुलीपुढे वाकून फुंकर, डोळ्यात-घशात धूर. मग रानात खुरपणी, वाकून किंवा उकिडवं बसून. ज्वारी काढायची तर कंबरेतून वाकून. पाखरं राखायला बसलं की दिवसभर हाकारे. उसतोडीला गेलं की डोक्यावर मोळी. घरी आलं की पाण्याची घागर, जनावरांच्या वैरणीचा भारा. आणि रात्री अंथरुणावर मान वाकवून मोबाईल. मोठ्या माणसाच्या डोक्याचंच वजन साडेचार-पाच किलो असतं. ते पुढे झुकलं की सगळा भार मानेच्या स्नायूंवर येतो.

म्हणून कुणी म्हणालं "ताठ बस गं, आळशी," तर ऐकून घेऊ नका. आपण आळशी म्हणून वाकत नाही, कामानं वाकतो.

आणि अजून एक कारण आहे, ते कामाचं नाही. आपल्याला लहानपणापासून काय शिकवलं? मान खाली घाल. आवाज खाली कर. मोठ्यांसमोर खांदे पाडून, कोपऱ्यात, अंग चोरून बस. आणि मग एक दिवस त्याच बाईला सभेत उभं करून म्हणायचं, "मोठ्यानं बोला." अंगाची घडी तशीच ठेवून आवाज कुठून मोठा निघणार? आक्कांचा गळा वाईट नव्हता. मान खाली घालून मोठ्यानं बोला, असं आपण त्यांना सांगत होतो.

मग करायचं काय?

ताठ म्हणजे किल्ल्याच्या बुरुजासारखं ताठ नव्हे. शाळेत कवायतीला छाती फुगवून उभं राहायचो, तेही नको. ताणलं की पुन्हा गळा आवळतो. हवं ते मोकळं आणि उभं. मला जे शिकवलं ते तुम्हाला सांगते. रोज पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा.

पहिलं, बसायची जागा. मांडी घालून बसताना बुडाखाली घडी घातलेली गोधडी किंवा पोतं घ्या. कंबर जरा उंच झाली की पाठीचा पोक आपोआप निघतो. जमत नसेल त्यांनी भिंतीला टेकून बसावं. गुडघे दुखणाऱ्या मावशींनी खुर्ची घ्यावी, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले ठेवावेत.

दुसरं, डोकं. डोक्यावर नुसती चुंबळ ठेवलीय असं समजा. घागर नाही, फक्त चुंबळ. ती पडू नये म्हणून मान कशी लांब, हलकी होते बघा. हे आपल्याला कुणी शिकवायला नको, आपली मान हे काम जन्मभर करत आलीय. मात्र डोक्यावर खरंच ओझं असताना लांबच्या माणसाला हाका मारू नका. तेव्हा मानेचे सगळे स्नायू ताणलेले असतात.

तिसरं, खांदे आणि जबडा. खांदे कानापर्यंत उचला आणि सोडून द्या. पाच वेळा. दातावर दात दाबून ठेवू नका, जबडा सैल सोडा.

चौथं, श्वास. एक तळवा पोटावर ठेवा. नाकानं श्वास घेताना हात पुढे यायला हवा, खांदे वर जायला नकोत.

पाचवं, ओठ मिटून "म्म्म" असा आवाज, भुंग्यासारखा. ओठांना आणि नाकाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. गळा दुखला तर जोर जास्त लागतोय असं समजा, कमी करा.

सहावं ऐकून हसाल. पेल्यात पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवा आणि "ऊऊ" असा आवाज करत बुडबुडे काढा. शीतपेयाची धुतलेली स्ट्रॉ चालते. यानं पट्ट्या कमी जोरात एकमेकींवर येतात आणि घशाला आराम मिळतो. वाचा-उपचारात हा व्यायाम नेहमी देतात. घरी केला तर नातवंडंही शेजारी येऊन बसतात, हे मी बघितलंय.

आणि दोन सवयी सोडायच्या. सारखं खाकरणं सोडा, त्यापेक्षा पाण्याचा घोट घ्या. आणि आवाज बसला म्हणून कुजबुजू नका. कुजबुजताना आपण बऱ्याचदा गळा आणखी आवळतो. हळू बोला किंवा गप्प राहा.

बैठकीत काय बदलायचं?

हे एकटीनं करायचं काम नाही, गटानं करायचं आहे. लिहिणाऱ्या ताईला रजिस्टर मांडीवर घेऊ देऊ नका, पुढे पाट किंवा चौरंग ठेवा. गोल बसा, म्हणजे मान वळवून बोलावं लागत नाही. गलका झाला तर ओरडू नका, टाळी वाजवा. बोलणारीनं कागद खाली न धरता छातीसमोर धरावा, म्हणजे मान वरच राहते. आणि "मोठ्यानं बोल" म्हणण्याआधी म्हणा, "आधी नीट बस, श्वास घे, मग बोल. आम्ही थांबतो."

पाण्याचंही बोलते. पट्ट्या ओल्या राहिल्या तर नीट चालतात. पण आपण सभेला, बाजाराला जाताना पाणी पीत नाही. का, ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे लघवीला जायची सोय नसते. म्हणून ग्रामसंघानं बैठकीची जागा ठरवताना जवळ चालू स्थितीतलं शौचालय आहे का, हे आधी विचारावं. तो आवाजाचाच प्रश्न आहे.

जिथे मी चुकले असते

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे व्यायाम शिकून आल्यावर मला जिकडे तिकडे पोकच दिसायला लागला. एका मावशींचा आवाज दोन महिने जाड, पुरुषासारखा झाला होता. मी त्यांना म्हणणार होते, "मावशी, पंधरा दिवस सरळ बसा, बुडबुडे काढा." तेवढ्यात मला वाचा-उपचारवाल्या ताईंचं वाक्य आठवलं: आधी घसा दाखवायचा, मग व्यायाम. आशाताईंना सोबत घेऊन मावशींना दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर थायरॉईड कमी निघालं. थकवा, सूज, वाढलेलं वजन, सगळं त्यातलंच होतं. गोळ्या सुरू झाल्या. मी व्यायामावर बसवलं असतं तर अजून दिवस गेले असते.

म्हणून हे पाठ करून ठेवा. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच. आणि गिळताना दुखतं, गळ्यात गाठ लागते, थुंकीत रक्त येतं, दम लागतो, वजन उतरतं, खोकला जात नाही, यातलं काहीही असेल तर तीन आठवडेही थांबायचं नाही. ज्या मिश्री लावतात, तंबाखू खातात त्यांनी तर अजिबात थांबू नये. राग मानू नका, मिश्री आपल्या बऱ्याच घरांत आहे म्हणून बोलते. घशाचा क्षयरोग असतो, कर्करोगही असतो. लवकर कळलं तर उपचार होतो.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथून जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. वाचा-उपचार हा नव्यानं निघालेला धंदा नाही. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे. तिथे बोलण्या-ऐकण्याच्या त्रासावर उपचार होतात आणि हे काम करणारे लोक शिकून बाहेर पडतात. बसण्या-उभं राहण्याची पद्धत हा त्या उपचाराचा एक भाग आहे, सगळा उपचार नाही.

शेवटचं

आपल्या जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले आणि त्यांनी खेड्यातल्या, शाळेचं तोंड न बघितलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यातल्या मुक्ताबाई पोळ पुढे अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिषदेत उभ्या राहून बोलल्या. आपल्याच तालुक्यातून गेलेला आवाज तो. गळा त्यांचाही आपल्यासारखाच.

आणि आक्कांचं काय झालं? त्यांनी घसा तपासून घेतला, मोठं काही निघालं नाही. दोन महिने आम्ही दोघी चुंबळ डोक्यावर आहे असं समजून अर्ज वाचायचा सराव करायचो. त्यांचा आवाज काही कोकिळेचा झाला नाही, अजून थोडा घोगराच आहे. पण मागच्या महिला ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या, कागद छातीसमोर धरला, एक श्वास घेतला आणि पूर्ण अर्ज वाचला. मागून "ऐकू येत नाही" असं कुणी म्हणालं नाही. ठराव लिहून घेतला गेला. नळाला पाणी अजून आलेलं नाही. त्यासाठी पुन्हा बोलावं लागणार आहे, आणि आक्का म्हणतात, "पुढच्या खेपेलाबी मीच वाचणार."

तर ताईंनो, आजपासून बैठकीची सुरुवात झाली की प्रार्थनेनंतर दोन मिनिटं एवढंच करा. गोधडीची घडी, चुंबळ, खांदे सैल, एक श्वास. आणि मग बोला.